तिची गाडी बाहेर होती

मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायच्या आत ती गाडी गॅरेजमध्ये गेली पाहिजे, असा माझा नियम होता. मिठाचं मला चार लोकांपेक्षा जास्त कळायचं. ज्या मोटार कंपनीत मी नोकरी करतो तिथे माझं कामच गंजाचं आहे. पत्र्याचे तुकडे खाऱ्या फवाऱ्याच्या पेटीत ठेवायचे आणि किती तासांनी रंगाखाली फोड उठतो ते टिपून ठेवायचं. दिवसभर लोखंड कुजताना बघणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या गाडीकडे कोणत्या नजरेने बघेल?

'ती गाडी' म्हणजे रोजची नव्हे. दोन माणसांची, कापडी टपाची, गडद हिरवी, तारांच्या चाकांची इंग्लिश स्पोर्ट्स कार. कंपनीतल्या निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून घेतलेली. तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ट्रॉयमधलं घर घेऊन एक. नात्यातल्या कुणालाच मी गाडीचं कळवलं नव्हतं. इंजिनिअर मुलाने अमेरिकेत घर घेतलं, हे आमच्याकडे पत्रात लिहिण्याजोगं. उन्हाळ्यात चार महिने चालणारी दोन माणसांची गाडी घेतली, हे नाही.

बायको नागपूरची, दातांची डॉक्टर. तिचे वडीलही दातांचे डॉक्टर. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ती वाढली ती वडिलांच्या दवाखान्यात, त्या उंच खुर्चीच्या पायाशी बसून. इथे तिची पदवी चालत नव्हती. एका क्लिनिकमध्ये ती असिस्टंट होती. रोग्याच्या तोंडात नळी धरायची आणि दुसऱ्याच्या हातात अवजारं द्यायची. संध्याकाळी बेसमेंटमधल्या टेबलावर मेणाचे दात कोरत बसायची, कारण इथल्या कॉलेजात दोन वर्षं पुन्हा शिकायचं तर आधी हाताची परीक्षा द्यावी लागे. मेणातून दात घडवायचा आणि नकली दातात खड्डा कोरून तो भरायचा. सगळं मापात, वेळ लावून. ती परीक्षा मार्चमध्ये होती.

त्या वर्षी खंडेनवमीला तिने देवासमोर पाटावर आपली अवजारं मांडली होती. छोटा आरसा, टोकदार सळई, मेण कोरायच्या चिमुकल्या सुऱ्या. शेजारी माझे नट-बोल्टचे पाने आणि गाडीची किल्ली. मग बाहेर जाऊन तिने हिरव्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं. मी ओरडलो, "अगं, रंगात बसतं ते!" आणि तिच्यादेखतच फडक्याला पॉलिश लावून पुसून टाकलं. ती हसली. "देव नाही रे, तुझा रंगच पावेल तुला," म्हणाली.

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी गाडी बंद करायचं काम काढलं. इथलाच, मूळ मुंबईचा एक मित्र मदतीला म्हणून आला आणि दिवसभर खुर्चीवर बसून चहा पीत राहिला.

"वहिनी, तुम्हाला थंडीचा कोट घेतला का याने?"

"गेल्या वर्षीचा आहे की."

"बघ यार. बायकोला गेल्या वर्षीचा कोट आणि हिला नवी शाल!" गाडीवर घालायचं सुती आच्छादन मी मागवलं होतं, त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला.

काम मात्र मी आणि तिने केलं. गाडी खालून धुतली, फडक्यांनी कोरडी केली. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आत हवा राहत नाही आणि ओल धरत नाही. जुनं ऑइल सोडून नवं भरलं, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बसून आतला धातू खातं. प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं. टप उघडा ठेवला नाही, नाहीतर घडीवर चिरतो. हँडब्रेक ओढला नाही, नाहीतर चिकटतो. सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी तारेचा बोळा, सीटखाली डांबराच्या गोळ्या. बॅटरी काढून बेसमेंटमध्ये लाकडी फळीवर. शेवटी जॅक लावून चारी चाकं जमिनीवरून उचलली आणि गाडी लोखंडी घोड्यांवर बसवली.

चाकांच्या तारा तिने साफ केल्या. एकेक तार, तिच्याच एका बारीक ब्रशने, दीड तास. कार्बुरेटरमधली एक बारीकशी क्लिप माझ्या हातून आत कुठेतरी पडली तेव्हा मी शिव्या देत सगळं खोलायला निघालो होतो. तिने मला बाजूला केलं. चिमटा घेतला, बोटं आत घातली आणि न बघता, डोळे छताकडे लावून, क्लिप बाहेर काढली. मित्र म्हणाला, "अकलदाढ काढली वहिनींनी!" आम्ही तिघंही हसलो. तिची बोटं तशी होती. मला ते माहीत होतं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

आता गॅरेजचं. आमचं गॅरेज दोन गाड्यांचं. आधी एका बाजूला माझी रोजची गाडी असे आणि दुसऱ्या बाजूला तिची, जुनी, थंडीत खोकणारी. हिरवी गाडी घोड्यांवर चढली आणि तिची गाडी बाहेर गेली. यावर आमच्यात चर्चा झाली नाही. माझी रोजची गाडी बाहेर ठेवावी हे मला सुचलं नाही आणि तिने सुचवलं नाही. कामाला आधी तीच निघायची, साडेसहाला. मी आठला.

डिसेंबरात तिने वडिलांना पत्रात लिहिलं असावं की सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायला वीस मिनिटं जातात, बोटं बधिर होतात. सासऱ्यांचं उत्तर आलं ते मला उद्देशून. वळणदार अक्षर, मोजकं लिहिणं. 'तिची मोटार रात्री आत ठेवता आल्यास पाहावे. परीक्षेपर्यंत तिचे हात जपावेत, एवढीच विनंती.' मी उलट टपाली लिहिलं: 'तशी व्यवस्था केली आहे.'

केली नव्हती. एकदा तिने विचारलं होतं, हे कबूल करतो. जानेवारीच्या सुरुवातीला.

"दोन महिने हिला खाली उतरवून बाहेर काढता नाही येणार? परीक्षा होईपर्यंत?"

"बाहेर? मिठात?"

"मग तुझी रोजची काढ."

मी ते वाक्य ऐकलंच नाही असं दाखवलं आणि व्याख्यान सुरू केलं. एकदा बंद केलेलं इंजिन थोडा वेळ चालू करून पुन्हा बंद करणं सगळ्यात वाईट. आत पाणी धरतं. ते पुरतं तापलं पाहिजे, वीस मैल तरी चाललं पाहिजे. सगळं शास्त्रीयदृष्ट्या अचूक होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

त्यानंतर दहाएक दिवसांनी, आधी पाऊस पडून वर गोठलेल्या एका सकाळी, मी दाढी करत असताना बाहेर आवाज आला. मोठा नव्हता. बर्फ खरवडायचं फावडं ड्राइव्हवेवरून घसरत गेल्याचा आवाज. मी दाढी पुरी केली. खाली आलो तेव्हा ती दारात उभी होती, उजवा हात डाव्या हातात धरून, एखादी दुसऱ्याची वस्तू धरावी तसा. चेहरा पांढरा. म्हणाली, "मोडलंय. मला कळतंय ते." गाडीपर्यंत पोचायच्या आधीच ती पडली होती, तोल सावरायला उजवा हात खाली टेकून.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळलं, पण किंचित तिरपं. मार्चची परीक्षा गेली.

इथपर्यंतचं आमच्या इथल्या मंडळींना माहीत आहे. बर्फावर घसरून पडणं इथे कुणाच्याही घरी होतं. पुढचं माहीत नाही, आणि ते सांगण्यासाठी मी हे लिहायला बसलो.

तिला लिहिता येत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी वडिलांना पत्र जायचं ते आता मी लिहायचो, ती सांगेल तसं. निळं एरोग्राम टेबलावर, मी खुर्चीत, ती समोर सोफ्यावर प्लास्टर उशीवर ठेवून. तिने सांगितलं, "लिही, उजवं मनगट मोडलं. गाडीवरचा बर्फ काढायला गेले होते. प्लास्टर आहे. या वेळची परीक्षा हुकणार. बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वर्षी देईन."

मी लिहिलं: 'मनगट थोडं लचकलं आहे, म्हणून हे पत्र माझ्या हातचं. काळजी नसावी.'

'तशी व्यवस्था केली आहे' हे माझं वाक्य एव्हाना नागपूरला पोचलं होतं. त्याच्यामागून 'गाडीवरचा बर्फ काढायला गेले होते' हे कसं पाठवायचं? एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. नाही सापडलं.

एरोग्राम तीन बाजूंनी चिकटवून टाकलं की संपलं. तिने वाचायला मागितलं नाही. का मागेल?

पुढच्या पत्रात परीक्षेचं काहीतरी लिहिणं भाग होतं. ती सांगत होती आणि मी मान हलवत लिहीत होतो: 'परीक्षेचा विचार तिने तूर्त सोडला आहे. आता घर-संसाराकडे लक्ष द्यावं असं तिचं म्हणणं पडलं. आपणही आग्रह धरू नये.' खाली तिच्या वतीने 'आपली लाडकी' असं लिहिलं. माझ्या अक्षरात.

प्लास्टर निघाल्यावर ती स्वतः लिहू लागली. मनगट नीट वळत नव्हतं, अक्षर वेडंवाकडं यायचं. पहिल्या पत्रात तिने हाताबद्दल काही लिहिलं नाही. बाबांना सगळं माहीत आहे, पुन्हा कशाला उगाळायचं, असं तिला वाटलं. सासऱ्यांचं उत्तर तिने मला वाचून दाखवलं. 'अक्षर बिघडले आहे. घाईत लिहीत जाऊ नये. ज्या कामात मन नाही ते करू नये, हे तू शिकलीसच.'

वाचून झाल्यावर तिने कागद उलटून मागची बाजू बघितली. "हाताची चौकशी नाही," म्हणाली. "एका शब्दाने नाही." मी म्हणालो, "म्हातारी माणसं अशीच असतात." सासरे तेव्हा साठीचेही नव्हते.

पुढच्या वर्षी परीक्षेचा फॉर्म आला. तिने तो भरला, बेसमेंटमध्ये जाऊन मेण घेऊन बसली, आणि तासाभराने वर आली. "नाही जमत," एवढंच म्हणाली. क्लिनिकमध्ये ती रिसेप्शनला बसू लागली. मग मुलगा झाला आणि माझं पत्र खरं ठरलं. मंडळाच्या हळदीकुंकवात बायका म्हणू लागल्या, मुलासाठी करिअर सोडलं हो हिने. मीही कधीतरी तसंच म्हणालो असेन. म्हणालोच.

त्यानंतरच्या नोव्हेंबरांतही मी हिरवी गाडी नेमाने बंद केली. चाकांच्या तारा मीच पुसल्या. तिची गाडी मात्र तेव्हापासून आत, आणि माझी रोजची बाहेर.

मुलगा वर्षाचा झाला तेव्हा आम्ही भारतात गेलो. नागपूरला आठ दिवस. बाप आणि लेक दोघंही एकाच घडणीचे. एकदा गप्प बसायचं ठरवलं की शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी खुणेने सांगतील. सासऱ्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, मला दवाखाना दाखवला, नवं मशीन दाखवलं. तिला 'ये' म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. इथे ती मला 'तू' म्हणते, तिथे वडिलांसमोर 'अहो'. "अहो, वरण घ्या," म्हणत ती वाढत होती. भरलेली पळी उजव्या हाताने तिरकी करता येत नव्हती म्हणून डाव्या हाताने वाढत होती. सासऱ्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"अमेरिकेत डाव्या हाताने वाढायची पद्धत आहे वाटतं?"

ती थांबली. पळीतलं वरण थेंबथेंब भांड्यात पडत होतं. तिला वाटलं, सगळं ठाऊक असून बाबा माझ्या हाताची चेष्टा करताहेत. त्यांना वाटत होतं, ज्या मुलीने एवढी विद्या टाकली तिला आता साध्या रीतीही राहिल्या नाहीत. दोघांना काय वाटतंय ते त्या स्वयंपाकघरात एकट्या मला माहीत होतं.

मी भात कालवत होतो. घास घेतला.

तिने पळी भांड्यात ठेवली आणि आत निघून गेली. सासरे म्हणाले, "तुम्ही जेवा. ती लहानपणापासून हट्टी आहे." मी जेवलो. ताक-भातापर्यंत जेवलो.

त्यानंतर बापलेकीची पत्रं वर्षाला दोन झाली, दिवाळी आणि संक्रांत. फोनवर "बरी आहेस?" "बरी आहे. तुम्ही?" याच्या पलीकडे बोलणं गेलं नाही, तीन मिनिटंही कधी लागली नाहीत.

हिरवी गाडी मी पश्चात्तापाने विकली असं कुणाला वाटू नये. एका वसंतात तिला घोड्यांवरून उतरवताना दाराखालच्या पत्र्यावर मला एक फोड दिसला, मसूरडाळीएवढा. माझ्या धंद्यातला माणूस गंज धरलेली गाडी ठेवत नाही. महिन्याच्या आत विकली.

यंदा ऑक्टोबरात सासऱ्यांचं पत्र आलं, मला. दवाखाना बंद करताहेत, नजर कमी झाली. खुर्ची आणि मशीन एका विद्यार्थ्याला देणार. 'तिची कॉलेजातली अवजारे मी आजवर तेल लावून ठेवली होती. तिला विचारावे, त्यांचे काय करायचे. तिचे मन त्यातून उठले आहे हे जाणून तिला थेट लिहिले नाही.'

रात्रीचं जेवण लवकर आटपलं होतं. मुलगा वर टीव्हीसमोर. मी पत्र तिच्यासमोर ठेवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"माझं मन उठलं? हे कोणी सांगितलं त्यांना?" आणि मग, बऱ्याच वर्षांत न ऐकलेल्या आवाजात, "इतक्या वर्षांत माझा हात कसा आहे हे एकदा विचारलं नाही त्यांनी. आणि अवजारांना तेल लावतात!"

"त्यांना माहीत नाही," मी म्हणालो.

"काय माहीत नाही?"

मी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. दोन पत्रांतली पाच-सहा वाक्यं होती. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "शब्द सांग. जसे लिहिलेस तसे." मला ते पाठ होते. मी म्हणून दाखवले. 'मनगट थोडं लचकलं आहे' यापाशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं.

"मी इथेच बसले होते ना? समोर?"

"हो."

"आणि मी बोलत होते."

"हो."

"त्या दिवशी नागपूरला, जेवताना. तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

तिने घड्याळ बघितलं. आमचे साडेआठ, तिकडे पहाटेचे सहा. सासरे पाचला उठतात. तिने भिंतीवरचा फोन काढला आणि डाव्या हाताने नंबर फिरवला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"बाबा, मी. नाही, सगळे बरे आहेत. बाबा, ऐका. माझं मनगट मोडलं होतं. नाही, आत्ता नाही. तेव्हाचं. परीक्षेच्या वेळचं. मोडलं होतं, लचकलं नव्हतं. उजवं. हो, उजवंच. बाबा, मी सोडलं नाही. मला जमेना."

मग ती बराच वेळ ऐकत राहिली. तिकडून काय बोलणं चाललं होतं, की काहीच चाललं नव्हतं, मला कळलं नाही. तिची पाठ माझ्याकडे होती. शेवटी ती वळली आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

"तुझ्याशी बोलायचंय त्यांना."

मी उठलो. त्या चार पावलांत मी सगळी तयारी केली. शिव्या ऐकायच्या, 'चुकलं' म्हणायचं, मध्ये बोलायचं नाही. सात वर्षं मी या बोलण्याची वाट बघत होतो आणि ते अखेर आलं याचा मला, खरं सांगतो, थोडा सुटल्यासारखा आनंदही झाला होता.

तार खरखरत होती. सासऱ्यांनी माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. रोग्याच्या नातेवाइकाला विचारावं तसं, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "थंडीत दुखतं का तिला? मनगट? रात्री झोप लागते?"

इतकी वर्षं आम्ही एका खोलीत झोपतो. मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "विचारून सांगतो."